चावी दिली, अनामत अडकली

घर रिकामं केलं, सामानाचा टेम्पो गेला आणि घरमालक म्हणाले, "डिपॉझिट आठवड्याभरात टाकतो." या वाक्यानंतर किती आठवडे जातात, हे पुण्या-मुंबईत भाड्याने राहिलेल्यांना सांगायला नको.

डिपॉझिट म्हणजे अनामत रक्कम. ती घरमालकाकडे फक्त ठेवायला दिलेली असते, मालकी आपलीच.

आधी करारनामा काढा. आपल्याकडे बहुधा अकरा महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार असतो, म्हणजे घर वापरायची ठराविक मुदतीची परवानगी. त्यात तीन गोष्टी शोधा: अनामत केव्हा परत द्यायची, घर सोडण्याची सूचना किती दिवस आधी हवी, आणि 'लॉक-इन', म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो काळ. लॉक-इन मोडून निघाला असाल तर काही कपात कदाचित रास्तच असेल, हे आधीच मनाशी मान्य करा.

करार नोंदवलेलाच नसेल तरी घाबरू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. लेखी, नोंदवलेला करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं ठरवण्याचा भार मालकावर येतो.

खरी चूक होते ती शेवटच्या दिवशी. घाईत चावी वॉचमनकडे ठेवून आपण निघतो आणि ताबा कधी दिला याचा पुरावाच उरत नाही. त्यापेक्षा मालकाला किंवा त्यांच्या माणसाला बोलवा. प्रत्येक खोलीचा, नळांचा, गीझरचा व्हिडिओ काढा. वीज मीटरच्या आकड्याचा फोटो घ्या, कारण शेवटचं बिल आपण गेल्यावर येतं. मग दोन ओळींची ताबा पावती करून तारखेसह सही घ्या. एका हाताने चावी, दुसऱ्या हाताने चेक, हा सर्वांत बरा व्यवहार.

"पैसे मिळेपर्यंत घर सोडत नाही" हा हट्ट मात्र महागात पडतो. मुदत संपल्यावर राहिल्यास त्याच कायद्याच्या कलम 24 खाली दुप्पट भाड्याने भरपाई द्यावी लागू शकते.

आता कपात. रंगकाम हे मालकांचं आवडतं कारण. भिंत काळानुसार मळणं ही वापरातली झीज. दार मोडणं हे नुकसान. करारात रंगाचा खर्च आपल्यावर लिहिला आहे का ते पाहा. नसेल तर प्रत्येक कपातीचं बिल मागा. बिल मागितलं की आकडा बऱ्याचदा आपोआप उतरतो.

मागणी फोनवर करत बसू नका. व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेलवर लिहा: रक्कम, ताबा दिल्याची तारीख, खाते क्रमांक, पंधरा दिवसांची मुदत. "पुढच्या महिन्यात देतो" असं उत्तर आलं तर चिडू नका, जपून ठेवा. देणं असल्याची ती लेखी कबुली आहे.

तरीही काही हललं नाही, तर वकिलामार्फत नोटीस पाठवा आणि पोच घ्या. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून पाकीट परत आलं तर ते फोडू नका. तसंच बंद ठेवा.

मालकाने दिलेला चेक वटला नाही, तर घड्याळ वेगाने चालतं. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, पैसे देण्यासाठी त्यांना 15 दिवस, आणि ते उलटल्यावर महिन्याभरात न्यायालयात तक्रार. इथे तारीख चुकली की ही वाट अवघड होते.

पोलीस चौकीत बहुधा "ही दिवाणी बाब आहे" असंच ऐकू येईल. पैसे वसुलीचा दावा रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो. लेखी करारातली ठरलेली रक्कम असल्याने संक्षिप्त दाव्याचा, म्हणजे लवकर निकाली निघू शकणाऱ्या दाव्याचा, मार्ग आहे का हे वकिलाला विचारा. लहान रकमेसाठी मात्र मी आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाईन. दाव्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, न्यायालयीन शुल्क लागत नाही आणि तिथल्या तडजोडीला हुकूमनाम्याचं बळ असतं. मालक तयार हवेत, एवढीच अडचण. महिलांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो.

आणि तडजोड ठरलीच, तर मालक आधी 'सर्व हिशेब मिटला' अशा कागदावर सही मागतील. रक्कम खात्यात जमा झाल्याचा मेसेज आल्यावरच पेन उघडा.