चांदसैलीचा चढ आणि पिकअपची ओढ

तळोद्याहून धडगावला जाणारा रस्ता सपाटी सोडून सातपुड्यात शिरतो आणि चांदसैली घाट लागतो. या घाटात ड्रायव्हर गाडीचं मोल एकाच गोष्टीवरून करतो. भरल्या गाडीला दुसऱ्या गिअरमध्ये वळण काढता येतं, की पहिला टाकावा लागतो? पहिला टाकावा लागला की ‘गाडी ओढत नाही’ हा शेरा तिला चिकटतो. मग ती नंदुरबारच्या नाही तर शहाद्याच्या एखाद्या गॅरेजसमोर उभी राहते आणि मालक मिस्तरीला सांगतो, “जरा ओढ वाढवून द्या भाऊ.” या एका मागणीभोवती गेल्या काही दशकांत एक अख्खं कसब उभं राहिलं. आता त्याने स्क्रू ड्रायव्हर ठेवून लॅपटॉप हाती घेतला आहे.

नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. सहा तालुक्यांपैकी रेल्वे नंदुरबार आणि नवापूरच्या वाट्याला आली. अक्कलकुवा आणि अक्राणी, म्हणजे धडगाव, यांचा सगळा व्यवहार रस्त्यावर. शहाद्याची पपई आणि केळी, नंदुरबारच्या पथारीवर वाळणारी मिरची, धडगाव-मोलगीकडचं आमचूर आणि भगर, वर जाणारं सिमेंट, पत्रे, रेशनचं धान्य. हे सगळं एमएच ३९ पाटीच्या पिकअप वाहतात. दिवाळी सरली की ऊसतोडीला गुजरातेत निघालेली कुटुंबंही भांड्याकुंड्यांसह याच गाड्यांच्या हौद्यात बसलेली दिसतात. दहा टायरचा ट्रक ज्या वळणावर अडतो तिथे पिकअप निघून जाते, आणि बैलगाडीला जिथे दिवस लागायचा तिथे ती तासाभरात पोचते. म्हणून तिच्या इंजिनाची चर्चा इथे पावसापाण्याइतकीच होते.

ही गाडी बहुधा महिंद्राची बोलेरो पिकअप असते, आणि तिचं गोत्र महाराष्ट्रातलंच आहे. इगतपुरीच्या कारखान्यात ऐंशीच्या दशकात प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्यावर डिझेल इंजिनं बनू लागली. त्याच जिल्ह्यात, नाशिकच्या सातपूरला, मायकोचा म्हणजे आजच्या बॉशचा कारखाना नोझल आणि इंजेक्टर बनवतो. कॉमन रेल पिढीतल्या बोलेरो पिकअपला अडीच लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन आहे. ताकद सुमारे ७५ अश्वशक्ती, टॉर्क २०० न्यूटन मीटर. आकडा लहान वाटतो, पण हा टॉर्क १४०० फेऱ्यांपासूनच मिळतो. घाटात कामाला येतो तो टॉर्क, अश्वशक्तीचा मोठा आकडा नव्हे.

टर्बोची कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याची, पेटंट १९०५ सालचं. धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरायची. हवा जास्त, तर डिझेल जास्त जाळता येतं. डिझेल जास्त, तर ओढ जास्त. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतो आणि तेलाच्या पातळ पापुद्र्यावर तरंगत राहतो. दाबलेली हवा तापते, म्हणून पुढे इंटरकूलर. नंदुरबारच्या मे महिन्यात पारा ४२-४३च्या वर गेला की बाहेरचीच हवा विरळ असते आणि इंटरकूलरचा जोर कमी पडतो. तोरणमाळला समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास चढलं की हवेचा दाब नंदुरबार शहरापेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी उतरतो. ही तूट टर्बो स्वतः अधिक वेगाने फिरून भरून काढतो. ज्या दिवशी ड्रायव्हरला जास्त ओढ हवी असते, त्या दिवशी टर्बोच्या अंगात शिल्लक फारच थोडी उरलेली असते. हे एवढं ध्यानात ठेवलं तर पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

जुन्या यांत्रिक पंपाच्या काळात ओढ वाढवणं म्हणजे ‘पंप वाढवणं’. डिझेल पंपावर पूर्ण भाराचं डिझेल ठरवणारा एक स्क्रू असतो. कारखान्यातून तो तारेने आणि शिशाच्या सीलने बांधून येतो. टर्बोच्या गाडीत पंपाच्या डोक्यावर एक डायफ्राम असतो. टर्बोचा दाब चढेल तसा तो खाली दबतो आणि डिझेलची वाट मोकळी करतो. मिस्तरी सील कापायचा, स्क्रू पाव फेरा आत घ्यायचा, गाडी चढावर नेऊन आणायची. मालक खूश. मागून काळ्या धुराचा लोट निघायचा आणि त्यालाच ताकदीचा पुरावा मानायची पद्धत पडली. खरं तर काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं, पैसे मोजून भरलेलं डिझेल.

पण पंप-नोझलच्या चांगल्या कारागिराचं काम याहून पुष्कळ बारीक होतं, आणि माझा जीव त्या कामात आहे. त्याच्या टेबलावर नोझल टेस्टर असतो: हाताचा दांडा, डिझेलचं छोटं भांडं, दाबाचं घड्याळ. नोझल बसवून तो दांडा संथपणे दाबतो. काटा चढत जातो, इंजिनागणिक ठरलेल्या दाबाला नोझल ‘कर्रर्र’ आवाज करून उघडतं आणि समोर धुक्यासारखा फवारा सुटतो. फवारा एका बाजूला वाकडा गेला, मधूनच धार आली, किंवा दांडा धरून ठेवल्यावर टोकाशी थेंब जमला, तर ते नोझल बाद. सुई आणि तिच्या घरातली फट दोन-चार मायक्रॉनची असते. डिझेलमधला गाळ तिथेच घात करतो. मग पंप कॅलिब्रेशनच्या बाकावर चढतो. काचेच्या नळ्यांत प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याचं डिझेल जमा होतं आणि चारही नळ्या एका रेषेत येईपर्यंत कारागीर उठत नाही. ज्या गाडीचं चौथं सिलिंडर उपाशी आहे तिला जादा डिझेल पाजून काही साधत नाही. तिचं वाटप नीट केलं की हरवलेली ओढ आपोआप परत येते.

कॉमन रेल आली आणि हा स्क्रूच नाहीसा झाला. आता एका जाड नळीत दीड हजार बारच्या घरातल्या दाबाने डिझेल तयार असतं आणि कुठलं इंजेक्टर कधी, किती वेळ उघडायचं हे ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. रीमॅप करणारा स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला वायर लावतो, फाइल उतरवून घेतो आणि त्यातले तक्ते बदलतो: टॉर्कची मर्यादा, धुराची मर्यादा, टर्बोचा दाब, रेलचा दाब, इंजेक्शनचा काळ. टर्बो डिझेलमध्ये टॉर्क पंधरा-वीस टक्क्यांनी वाढवणं अवघड नाही. याहून स्वस्त उपाय म्हणजे ट्युनिंग बॉक्स. तो रेलच्या दाबाचा सेन्सर आणि ईसीएम यांच्यामध्ये बसतो आणि दाब आहे त्यापेक्षा कमी सांगतो. ईसीएम त्यावर विश्वास ठेवून दाब वाढवतो. ओढ खरोखर वाढते, पण आता इंजिनाच्या रखवालदारालाच खोटी खबर जाते आहे. बॉक्सची ही रीत मला मुळातच मान्य नाही.

कारखान्याने ठेवलेली मर्यादा उगाच ठेवलेली नसते. पुण्या-मुंबईची कार हायवेवर ओव्हरटेक करते तेव्हा पूर्ण जोर पाच-सात सेकंद लागतो, मग इंजिन निवतं. घाटात भरलेल्या पिकअपला तोच जोर सलग वीस मिनिटं लागतो. वाढवलेल्या डिझेलची उष्णता पिस्टनच्या माथ्यावर, हेड गॅस्केटवर आणि टर्बोच्या चाकावर साठत जाते. आधी पाणी तापतं, मग गॅस्केट जातं, टर्बोच्या दांड्याला प्ले येतो, तो तेल टाकू लागतो, आणि एक दिवस ‘इंजिन काम’ निघतं. दीड टनाच्या आतबाहेर वजनासाठी बनलेल्या गाडीत त्याच्या दुप्पट माल घातलेला असेल, मागे पाटे वाढवलेले असतील, तर रीमॅपने फक्त मोडण्याची तारीख अलीकडे येते.

कायद्याचं म्हणणंही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून ढळेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. जादा मालाला वीस हजार आणि वर दर टनामागे दोन हजार. अमेरिकेत पिकअपची हौस आपल्यापेक्षा कितीतरी मोठी. तिथेही हिशेब चुकता करावा लागलाच. डिसेंबर २०२३ मध्ये कमिन्सने रॅम पिकअपच्या इंजिनांतल्या धूर-नियंत्रणाच्या प्रकरणात १६७.५ कोटी डॉलरचा दंड मान्य केला. ज्या कमिन्सचा पुण्यातला कारखाना कित्येक दशकांपासून मराठी माणसाच्या ओळखीचा आहे, तीच ही कंपनी.

चढाची एवढी चर्चा करताना उताराचा विचार फार कमी होतो. ओढ वाढवल्याने ब्रेक वाढत नाहीत. उलट, जास्त माल वर नेता येतो म्हणून जास्त माल खालीही येतो. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची सवय अजून गेलेली नाही. इंजिनाचा रोध संपतो, ब्रेक तापतात, पायाखालचं पेडल मऊ पडतं; इंजिन बंद केलं असेल तर व्हॅक्यूमही संपतो. २०२५ च्या दिवाळीत अस्तंब्याची यात्रा करून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदसैली घाटात उलटली आणि माणसं गेली. तोरणमाळकडच्या घाटांतही अशा गाड्या दरीत गेल्या आहेत. मालाच्या हौद्यात माणसं बसवणं गुन्हा आहे हे बसणाऱ्यांनाही माहीत असतं. वेळेवर एसटी मिळत नाही म्हणून ती बसतात.

‘ओढत नाही’ म्हणून आलेल्या गाडीकडे जाणता मिस्तरी कसा पाहतो ते बघण्यासारखं आहे. लॅपटॉप नंतर. आधी एअर फिल्टर: सातपुड्याच्या धुळीने तो लवकर गच्च होतो. मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा रबरी होज, साबणाचं पाणी लावून. बुडबुडे आले तर चीर सापडली, आणि बऱ्याचदा रोग तिथेच संपतो. डिझेल फिल्टरमधलं पाणी. काजळीने अर्धी बुजलेली, धूर पुन्हा इंजिनात घेणारी ईजीआरची वाट. घसरणारी क्लच प्लेट. मागच्या चाकांचे चिकटलेले ब्रेक. शेवटी इंजेक्टर. आणि मग तो ड्रायव्हरला सांगतो, वर पोचल्यावर लगेच चावी फिरवू नको, मिनिटभर इंजिन सावकाश चालू ठेव, टर्बोला तेल मिळू दे. एवढं झाल्यावर ओढीची तक्रार उरली, तर गाडीत माल किती आहे हे विचारायला तो संकोचत नाही. इंजिन जसं बनलं तसं पुन्हा करून देणं, हे मी ट्युनिंगमधलं सगळ्यात वरचं काम मानतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे धुराचं मानक लागू झालं आणि या मिस्तरीची अडचण वाढली. नवं कॉमन रेल इंजेक्टर हातदांड्याच्या टेस्टरवर तपासता येत नाही, त्याला महागडा बाक लागतो. बॉशच्या इंजेक्टरच्या डोक्यावर त्याच्या स्वभावाचा एक कोड छापलेला असतो. इंजेक्टर बदलल्यावर तो स्कॅनरने ईसीएममध्ये भरला नाही तर इंजिन खडखडतं, धूर टाकतं. ती माहिती आणि ते स्कॅनर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपाशी असतात, तर बाजारात विनापरवाना फाइली मात्र सहज मिळतात. धडगावच्या पिकअपवाल्याला प्रामाणिक दुरुस्ती दूर आणि धोक्याची ओढ जवळ, अशी ही स्थिती आहे. नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या पोरांसमोर एक कॉमन रेलचा बाक आणि सगळ्या कंपन्यांच्या गाड्या वाचणारा स्कॅनर ठेवायला हवा. कंपन्यांनीही दुरुस्तीची माहिती जिल्ह्याच्या गॅरेजला वाजवी दरात मोकळी करावी. चारही नळ्या एका रेषेत आणणारी नजर इथे आजही आहे, आणि तिला हवं ते आजचं हत्यार अजून तिच्या हाती आलेलं नाही.