ऊन वाढलं तर येडशीची झाडं कुठे जातील? सॉफ्टवेअर हा अंदाज कसा लावतं?

धाराशिवहून येडशीकडे गेलात तर रामलिंग घाटाचं अभयारण्य लागतं. फाल्गुनात पानगळ झालेल्या रानात पळस फुललेला असतो. मी याच जिल्ह्यातला, कामाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्यामुळे मला प्रश्न पडला, की हवामान तापत गेलं तर ही झाडं टिकतील का, आणि ते आधी कसं कळणार?

झाडाला पाय नसतात, पण झाडाची जात सरकते. बी जिथे रुजतं, तिकडे पुढची पिढी जाते. कॅनडा-रशियाच्या जंगलातली स्प्रूस, फर ही थंडीची झाडं. तिथे उष्णता वाढली की दक्षिणेच्या कडेला ती अडचणीत येतात आणि मेपल, ओकसारख्या जातींना उत्तरेकडे जागा मिळू शकते. अमेरिकेच्या वनविभागाने 100 हून अधिक जातींचे असे अंदाज नकाशांवर मांडलेत.

मॉडेल कसं चालतं?

1. एखादी जात कुठे कुठे दिसली, त्या जागांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे.
2. त्या जागांचं तापमान आणि पाऊस जोडायचा. यासाठी 19 हवामान-घटकांचा तयार संच बराच वापरला जातो.
3. मॅक्सेंटसारखं मशीन लर्निंग सॉफ्टवेअर या जातीला कसलं हवामान मानवतं ते शिकतं.
4. मग 2050 किंवा 2070 चं अंदाजित हवामान देऊन नकाशा काढायचा.

आपल्याकडे मुख्य अडचण पाण्याची. हवा जितकी गरम, तितकी ती माती आणि पानांतून जास्त ओल ओढते. म्हणजे पाऊस तेवढाच पडला तरी झाडाला दुष्काळ जाणवतो.

मॉडेल कुठे चुकतं?

जागा योग्य आहे एवढंच ते सांगतं. तिथे बी पोचेल का, हे त्याला माहीत नसतं. कडुलिंबाचं बी पक्षी नेतात, पण दोन रानांच्या मध्ये सोयाबीनची शेतं आणि रस्ते असतील तर ते रुजणार कुठे? दुसरं म्हणजे, लोक फोटो रस्त्याकडेला काढतात. मग मॉडेलला वाटतं, झाडाला रस्ताच आवडतो! आणि जिथली कुणी नोंदच केली नाही, त्या भागाबद्दल मॉडेल काहीच शिकत नाही.

तुमचा फोन इथे कामाला येतो

आयनॅचरलिस्ट अ‍ॅपवर झाडाचा फोटो लोकेशनसह टाका. सीझनवॉचवर एकच झाड निवडून दर आठवड्याला पानं, फुलं, फळं नोंदवा. जीपीएस चालू ठेवा आणि फक्त रस्त्याकडेची नाही, बांधावरची, माळावरचीही झाडं घ्या.

आज लावलेलं कडुलिंबाचं रोप 2055 च्या उन्हातही उभं राहायला हवं. कुठे काय लावायचं हे तेव्हा कळून उपयोग नाही, आत्ताच ठरवावं लागेल. त्यासाठी लागणारा डेटा आपल्याच गावात उभा आहे.