कोयीची शिदोरी

गेल्या दिवाळीतली गोष्ट. सासूबाईंनी माळ्यावरचा डबा काढायला लावला. त्यात आंब्याच्या कोयी होत्या, त्यांच्या माहेरच्या रायवळ झाडाच्या. दिंडोरीकडचं ते झाड वैशाखात वादळानं पडलं. शेवटची पाटीभर फळं आमच्याकडे नाशिकला आली. रस झाल्यावर सासूबाईंनी कोयी धुतल्या, गच्चीवर कडक उन्हात वाळवल्या आणि जपून ठेवल्या.

मोठ्या हौसेनं त्यांनी त्या कुंड्यांत लावल्या. महिना गेला, दोन महिने गेले, एकही उगवली नाही. "माझ्या हाताला गुणच राहिला नाही गं," एवढंच म्हणाल्या.

त्यातल्याच तीन कोयी परसातल्या खरकट्याच्या खड्ड्यात पडून आषाढात आपसूक रुजल्या होत्या. दोन धाकट्यानं उपटल्या आणि घासून पिपाण्या केल्या. डबाभर आहेत की, म्हणून मीही हसले होते. आता राहिलं ते एकच रोप!

मी शाळेत अर्धवेळ शिकवते, पण विषय मराठी. म्हणून विज्ञानाची पुस्तकं आणून वाचली. तेव्हा कळलं, दोष हाताचा नव्हता, उन्हाचा होता.

मैत्रिणींनो, बी म्हणजे झोपलेलं बाळ आणि त्याच्याजवळ बांधून दिलेली शिदोरी. आंब्याच्या कोयीतला पिठूळ गर ही ती शिदोरी. ओल मिळाली की बाळ जागं होतं, श्वास घेऊ लागतं, आणि पाचक रस त्या पिठाची साखर करतात. थोडी साखर जाळून शक्ती मिळते, थोडीतून मूळ आणि कोंब घडतात. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो ना? ते गोडसर आणि पचायला हलकं लागतं, ते याच कारणानं.

पण आंब्याच्या बाळाला कोरडं राहणं सोसत नाही. ओल आटली की ते मरतं. गर दिसायला शाबूत असतो, पण तो खाणारं कुणी उरत नाही. चिंचोक्याचं तसं नाही. तो महिनोन् महिने कोरडा राहूनही रुजतो. घोंगडीला ज्या चिंचोक्याची खळ देतात, तोच चिकट साठा रोपाचं जेवण. त्याची दोन जाड दळं कोंबाबरोबर जमिनीवर येतात आणि साठा संपला की सुकून गळतात.

आणि आपल्या पंचवटीचा वड? त्याचं बी राईहूनही बारीक, शिदोरी नावालाच. त्याला लगेच उजेड आणि ओल हवी. म्हणून पाखरांनी टाकलेलं बी जुन्या वाड्याच्या ओल्या भिंतीत धरतं.

तेव्हा कोय लावायची तर एवढं करा. रस झाल्यावर धुऊन, सावलीत नुसती पाणी निथळेपर्यंत ठेवून, त्याच आठवड्यात लावा. माती ओलसर हवी, चिखल नको. चिखलात हवा मिळत नाही, कोय कुजते. उगवल्यावर कोय तोडू नका की उकरून पाहू नका. पहिली पानं तांबूस असतात, ती अजून पुरेसं अन्न करत नाहीत. ती हिरवी होऊन तरारेपर्यंत रोप कोयीवरच जगतं. तोवर खताचीही घाई नको.

हे सगळं सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मीच गं मारल्या त्या?" मला काही बोलता येईना. मग म्हटलं, "तुम्ही जपल्याच होत्या, आई. जपायची रीत तेवढी वेगळी होती."

परसातलं रोप आता गुडघ्याएवढं झालंय. धाकटा रोज त्याला पाणी घालतो. कोयीचं झाड मूळ झाडासारखं तंतोतंत निघत नाही, फळ कदाचित आंबटही निघेल. सासूबाईंना तेही सांगून ठेवलं.

त्यावर हसल्या. "लेक आईसारखी नसली, म्हणून काय कुणी टाकतं का?"