रात्रपाळीचं शास्त्र

इंटर्नशिपचा तिसरा महिना. जिल्ह्याच्या ठिकाणचं सरकारी रुग्णालय, कॅज्युअल्टीची रात्रपाळी, पहाटेचे अडीच. पंचेचाळिशीच्या एका शेतकऱ्याला मोटारसायकलवर मधे बसवून आणलं होतं. पुढे शेजारचा मुलगा, मागे बायको. "साहेब, संध्याकाळपासून पित्त उसळलंय," ती म्हणाली. लग्नातलं जेवण झालं होतं, दोनदा उलटी झाली होती आणि तो बेंबीच्या वर हात दाबून कण्हत होता. मी नाडी पाहिली, पोट तपासलं, केसपेपरवर पित्ताचं इंजेक्शन लिहिलं आणि अर्ध्या तासानं घरी जा म्हणून सांगितलं. सिस्टरांनी इंजेक्शन भरलं, पण टोचलं नाही. "डॉक्टर, घाम बघा यांचा. बनियन पिळून निघेल. एक ईसीजी काढू या?"

मशीन कोपऱ्यातल्या कपाटात, कपाटाची किल्ली वॉर्डबॉयकडे, तो चहाला गेलेला. पंधरा मिनिटांनी पट्टी बाहेर आली. हृदयाच्या खालच्या भिंतीला झटका आला होता. हा झटका पुष्कळदा असाच येतो, मळमळ आणि पोटदुखीचं सोंग घेऊन. ॲस्पिरिनच्या गोळ्या चावायला दिल्या, फिजिशियनसरांना घरून बोलावलं. तो शेतकरी आठ दिवसांनी चालत घरी गेला, पण त्या रात्रीचा माझा हात अजून थरथरतो.

असा झटका मला शिकवलेला नव्हता का? होता. परीक्षेत त्यावर मार्कही मिळाले होते. पण कॉलेजात रुग्ण भेटायचा तो वॉर्डातल्या खाटेवर, निदान ठरल्यावर. कॅज्युअल्टीत माणूस निदान घेऊन येत नाही, तक्रार घेऊन येतो. हा फरक किती मोठा आहे आणि त्यासाठी वेगळं शिक्षण का लागतं, हे पुढे मला ज्यांच्या लिखाणातून उमगलं ते अमेरिकन डॉक्टर म्हणजे पीटर रोझेन.

रोझेन १९३५ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मले. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून १९६०मध्ये डॉक्टर झाले, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला सर्जरी शिकले आणि वायोमिंगमधल्या थर्मोपोलिस या लहानशा गावी सर्जन म्हणून प्रॅक्टिस केली. अशा गावात रात्री दार वाजलं की समोर कोण, कशानं आजारी, हे आधी ठाऊक नसतं. पुढच्या कामाची शिदोरी तिथेच बांधली गेली, असं मला वाटतं.

त्या काळी अमेरिकेतल्या इमर्जन्सी रूमची अवस्था आपल्याला अनोळखी वाटू नये. पाळी लागेल तो डॉक्टर तिथे उभा राही. आज त्वचारोगतज्ज्ञ, उद्या मानसोपचारतज्ज्ञ, नाहीतर कालच पास झालेला इंटर्न. १९६६मध्ये तिथल्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसनं अपघाती मृत्यूंवर अहवाल काढला. १९६५ या एका वर्षात १,०७,००० माणसं अपघातांत दगावली होती. देशातली निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यविधी करणारे व्यावसायिक चालवत होते, कारण माणूस आडवा झोपवून नेता येईल अशी गाडी त्यांच्याचकडे असे. जखमीला न्यायला शववाहिनी! या अहवालानं देश हादरला. १९६८मध्ये मिशिगनमध्ये जॉन विगनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी इमर्जन्सी डॉक्टरांची संघटना उभारली आणि १९७०मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात ब्रूस जॅनियाक हे इमर्जन्सी मेडिसिन या विषयाचे पहिले रेसिडेंट झाले.

रोझेन १९७१मध्ये शिकागो विद्यापीठात आले. मोठ्या विद्यापीठात हा विषय रुजवणं सोपं नव्हतं. सर्जन म्हणत, जखमा आमच्या. फिजिशियन म्हणत, हृदय आमचं. भूलतज्ज्ञ म्हणत, श्वासनलिकेत नळी घालायची तर आम्हीच. ज्याला स्वतःचा असा एकही अवयव नाही, त्याला शास्त्र कसं म्हणायचं? १९७७मध्ये स्पेशालिटी म्हणून मान्यतेचा पहिला अर्ज प्रचंड बहुमतानं फेटाळला गेला.

या प्रश्नाचं उत्तर रोझेननी १९७९च्या एका लेखात दिलं. लेखाचं नावच 'इमर्जन्सी मेडिसिनचं जीवशास्त्र' अशा अर्थाचं आहे. या विषयाची खरी मेख मला जी समजली ती अशी. वॉर्डातला डॉक्टर विचारतो, याला काय झालं असण्याची शक्यता सर्वांत जास्त? कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरनं आधी विचारायचं, याला जे झालं असू शकतं त्यातलं कशानं हा सर्वांत लवकर मरेल? पोट दुखणाऱ्या शंभरांपैकी बहुतेकांना पित्त किंवा गॅसच असतो. पण झटका नाही, महाधमनी फुगून फाटत नाही, आतडं फुटलेलं नाही, हे पाहिल्याशिवाय पित्त हा शब्द केसपेपरवर उतरवायचा नाही. शिवाय निदान होईपर्यंत थांबायलाही वेळ नसतो. श्वास, रक्तदाब, रक्तस्राव आधी सांभाळायचा, नाव मागाहून. माहिती अर्धी असताना निर्णय पुरा घ्यायचा, हे कौशल्य पुस्तकातून आपोआप येत नाही. त्यासाठी पहाटे अडीचला शिकाऊ डॉक्टरच्या खांद्याशी शिक्षक उभा असावा लागतो.

त्याच वर्षी, १९७९मध्ये, इमर्जन्सी मेडिसिनला अमेरिकेतली तेविसावी स्पेशालिटी म्हणून मान्यता मिळाली. तीही अर्धीमुर्धी, परीक्षा मंडळावर इतर स्पेशालिट्यांचे प्रतिनिधी बसत. स्वतंत्र मंडळाचा दर्जा मिळायला १९८९ उजाडलं.

रोझेन १९७७मध्येच डेन्व्हर जनरलला गेले होते. चाकू आणि गोळ्यांच्या जखमांनी रात्री भरून जाणारं हे सरकारी रुग्णालय. छायाचित्रकार युजीन रिचर्ड्स यांचं तिथल्या इमर्जन्सी रूमवरचं पुस्तक प्रसिद्ध आहे. डेन्व्हरचा रेसिडेन्सी कार्यक्रम देशातल्या नामांकित कार्यक्रमांत गणला जाऊ लागला. रोझेन कडक शिक्षक म्हणून ओळखले जात. १९८३मध्ये त्यांनी संपादित केलेला या विषयावरचा ग्रंथ आला आणि त्याच वर्षी 'जर्नल ऑफ इमर्जन्सी मेडिसिन' हे नियतकालिक सुरू झालं, त्याचे संस्थापक संपादकही तेच. १९८९मध्ये ते सॅन दिएगोला गेले, तिथेही शिकवत राहिले. ग्रंथाचं संपादन पुढे जॉन मार्क्स आणि मग रॉन वॉल्स यांनी सांभाळलं, पण कण्यावर नाव राहिलं 'रोझेन्स'च. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये ॲरिझोनात रोझेन गेले.

आपल्याकडे मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियानं या विषयाला २००९मध्ये मान्यता दिली, अमेरिकेनंतर तीस वर्षांनी. २०१४पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते आणि तिच्यात डॉक्टर असतो, ही मोठीच गोष्ट. पण ती गाडी रुग्णाला ज्या दारात उतरवते, त्या दारात या विषयात शिकलेला डॉक्टर अजून अनेक ठिकाणी नाही. तिथे रात्री माझ्यासारखाच कुणी तेविशीचा इंटर्न असतो. त्याला दोष देऊ नये. त्याच्या खांद्याशी कुणी नाही, हे दुखणं आहे.

माझ्या खांद्याशी त्या रात्री सिस्टर होत्या. बावीस वर्षं त्यांनी त्याच टेबलाशी काढली होती. घाम, रंग, श्वासाची लय यांवरून माणूस कुठल्या वाटेवर आहे हे त्यांना कळे. रोझेननी जे ग्रंथात आणलं, ते त्यांच्या बोटांत होतं. फक्त ते कुणी त्यांना विचारलं नव्हतं आणि कुठे लिहूनही ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या रात्री मी ड्यूटीवर आलो तेव्हा ईसीजीचं मशीन कपाटातून निघून टेबलाशेजारी आलं होतं. प्लग लावलेला, जेलीची नवी ट्यूब वर ठेवलेली. सिस्टर रजिस्टर भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "किल्ली आता माझ्याकडे असते, डॉक्टर."