मुरुमांचा इलाज : मलम, गोळी आणि मुदत

शहराच्या भर वस्तीतील तबेले हलवून मुंबईकरांस स्वच्छ व निर्भेळ दूध मिळावे, या हेतूने दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ साली गोरेगावच्या पूर्वेस आरे कॉलनी वसविण्यात आली. आणि त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतील लेडर्ली कंपनीत, जेथील संशोधनाची धुरा येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाकडे होती, बेंजामिन डग्गर यांनी ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन कुळातील पहिले प्रतिजैविक जगापुढे ठेविले. दूध आणि हे औषधकुल यांचा वरकरणी काही संबंध नसला, तरी तारुण्यातील मुरुमांचा प्रश्न निघाला की दोहोंचेही नाव निघते : दूध हे मुरुमांचे कारण म्हणून, आणि टेट्रासायक्लिनचे कुळ त्यांवरील इलाज म्हणून.

मुरूम म्हणजे अंगातील उष्णता अथवा रक्तातील दोष बाहेर पडण्याची वाट होय, अशी समजूत घरोघरी रूढ आहे. परंतु वस्तुस्थिती निराळी आहे. वयात येताना वाढणाऱ्या संप्रेरकांच्या प्रभावाने त्वचेतील तैलग्रंथी अधिक तेल स्रवू लागतात, केसाच्या मुळाशी असलेल्या सूक्ष्म छिद्राचे तोंड मृत पेशींनी बुजते, कोंडलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जीवाणू वाढतात आणि अखेरीस तेथे दाह उत्पन्न होतो. छिद्राच्या तोंडाशी दिसणारा काळा ठिपका हा मळ नसून हवेच्या संपर्काने बदललेला रंग असतो. म्हणून चेहरा दिवसातून दोनदा सौम्य साबणाने धुणे पुरे, घासूनपुसून काढल्याने दाह मात्र वाढतो. दुधाविषयी सांगावयाचे तर, काही निरीक्षणांत दुधाचा, विशेषतः साय काढलेल्या दुधाचा, मुरुमांशी संबंध आढळला आहे. पण तेच कारण होय, असे सिद्ध झालेले नाही. साखर व मैदा यांचा अतिरेक टाळणे हितावह असले, तरी आहार हा औषधाला पर्याय नव्हे.

सौम्य विकारात बाह्योपचारांनीच काम भागते. रेटिनॉइड वर्गातील मलमे, म्हणजे १९६९ पासून अल्बर्ट क्लिगमन यांच्या संशोधनाने प्रसिद्धीस आलेले ट्रेटिनॉइन आणि त्यानंतरचे ॲडापलीन, बुजलेली छिद्रे मोकळी करून मूळ कारणावरच घाव घालतात. वाटाण्याएवढे मलम रात्री कोरड्या चेहऱ्यावर सर्वत्र पातळ लावावे. केवळ उठलेल्या फोडावर लावणे व्यर्थ, कारण नवा मुरूम उठण्यापूर्वीच त्यास अटकाव करणे हा त्याचा उद्देश आहे. प्रारंभी कातडी कोरडी पडते, सोलते, जळजळते; तेव्हा एक रात्र आड लावून सवय करावी. बेंझॉइल पेरॉक्साइड जीवाणूंचा संहार करते आणि त्याविरुद्ध जीवाणूंना प्रतिकारशक्ती कमावता येत नाही. अडीच टक्क्यांचे प्रमाणही पुरेसे गुणकारी असते, मात्र उशीच्या अभ्र्याचा व टॉवेलचा रंग त्याने उडतो. क्लिंडामायसिनचे मलम एकटेच कधी वापरू नये. बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनेच वापरावे. ॲझेलेइक आम्ल गर्भवतीसही चालते आणि आपल्या सावळ्या वर्णावर मुरुमामागून राहणारे काळे डागही त्याने फिकटतात.

दाह अधिक असेल, छाती व पाठही व्यापली असेल, तर पोटातून औषध द्यावे लागते. टेट्रासायक्लिन कुळातील डॉक्सिसायक्लिन हे त्यांतील नित्याचे औषध असून, त्याची मुदत सामान्यतः तीन महिन्यांपलीकडे नेऊ नये. सोबत मलम चालूच असावे. गोळी भरपूर पाण्याबरोबर बसून घ्यावी व घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये, अन्यथा अन्ननलिकेस जखम होते. या औषधामुळे उन्हाने त्वचा अधिक भाजते, तेव्हा ऊन टाळावे. आरेचे दूध कितीही कसदार असो, जुन्या टेट्रासायक्लिनच्या गोळीबरोबर ते घेऊ नये, कारण दुधातील कॅल्शियम औषधास बांधून ठेवते. डॉक्सिसायक्लिनला दुधाची बाधा कमी, पण लोहाच्या व आम्लपित्ताच्या गोळ्यांपासून तेही काही तासांच्या अंतराने घ्यावे. आठ वर्षांखालील मुले व गर्भवती यांस हे औषध वर्ज्य आहे. ज्या मुलींची पाळी अनियमित आहे, चेहऱ्यावर केस वाढत आहेत, त्यांनी संप्रेरकांची तपासणी करवावी. त्यांच्यासाठी निराळ्या गोळ्या असतात.

इतर उपायांनी न हटणाऱ्या, खोल गाठी व व्रण ठेवणाऱ्या मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन आहे. १९८२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या या औषधाने असंख्य चेहरे वाचविले. परंतु गर्भावर त्याचा परिणाम भयंकर होत असल्याने उपचारकाळात व त्यानंतर एक महिना गर्भधारणा कटाक्षाने टाळावी लागते. यकृत व रक्तातील चरबी यांची तपासणी जरूर असते. ओठ कोरडे पडणे तर ठरलेलेच. डॉक्सिसायक्लिनसोबत ते कधीही घेऊ नये.

परंतु या साऱ्यांहून अधिक धोका ज्या नळीत आहे, तिचे नाव पुष्कळदा कोणी सांगतही नाही. शेजाऱ्याच्या सल्ल्याने दुकानातून आणलेली, बीटामेथासोन वा क्लोबेटासोलसारखे स्टेरॉइड असलेली, ‘गोरेपणा’चीही हमी देणारी ही मलमे चार दिवसांत लाली दडपतात, मात्र वापर थांबविताच मुरूम दुप्पट जोराने उसळतात, कातडी पातळ होते, लाल शिरा उमटतात व केसही वाढतात. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना त्यांची विक्री बेकायदेशीर ठरविली. हुकूम झाला, तरी त्याचा अंमल दुकानाच्या दारी होणे हे ग्राहकाच्या जागरूकतेवरच अवलंबून आहे.

आरेतील पाड्यांवरील मुलगा असो वा गोरेगावच्या इमारतीतील मुलगी, जुहूचे कूपर, परळचे केईएम व मुंबई सेंट्रलचे नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग त्यांस उपलब्ध आहे. पालकांनी ‘वयाबरोबर जाईल’ म्हणून हयगय करू नये. कारण मुरूम जातो, खड्डा राहतो. आणि तरुणांनी सहा ते आठ आठवड्यांच्या आत औषधाचा निकाल मागू नये, नखाने फोड फोडू नये, अनोळखी नळी चेहऱ्यास लावू नये. डॉक्टरांनी दिलेली मुदत पूर्ण करावी.