चेहरा पाहून इम्युनिटी कळते का, राव?

'पोरगी टवटवीत दिसते, तब्येत चांगली असणार.' बघण्याच्या कार्यक्रमानंतर घरी परतताना गाडीत हे वाक्य हमखास येतं. मुलाच्या बाबतीतही तेच. 'चेहऱ्यावर तेज आहे, निर्व्यसनी दिसतोय.' आणि आता रीलवालेही तेच सांगतात, फक्त शब्द बदललेत: 'ग्लो' म्हणजे स्ट्राँग इम्युनिटी. आजी आणि इन्फ्लुएन्सर यांचं इतकं एकमत एरवी कशावर होत नाही. म्हणून हे खरं किती, ते जरा खणून पाहू.

कल्पना तशी हवेतली नाही. 1982 साली डब्ल्यू. डी. हॅमिल्टन आणि मार्लीन झुक या दोघांनी पक्ष्यांचा अभ्यास करून मांडलं, की नराचा झगझगीत पिसारा ही एक प्रकारची जाहिरात असते: माझ्या अंगात परजीवी कमी आहेत, माझ्याशी जोडी जमव. मग प्रश्न आलाच, माणसाच्या चेहऱ्याचंही असंच असेल का?

2022 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी हे थेट रक्तातच तपासलं. 159 तरुण-तरुणींचे फोटो काढले. मेकअप नाही, हसू नाही, फिल्टर तर नाहीच. त्यांचं रक्त घेऊन पांढऱ्या पेशी जंतूंना कितपत गिळतात, रक्तद्रवात जंतू किती वाढतात, हे प्रयोगशाळेत पाहिलं. दुसरीकडे 492 अनोळखी लोकांना फोटो दाखवून गुण द्यायला लावले. निकाल आला तो गमतीदार होता. ज्यांना जास्त गुण मिळाले, त्यांच्या पेशी जंतू गिळण्यात बऱ्यापैकी पुढे होत्या. म्हणजे काहीतरी संबंध दिसला. पण सगळीकडे नाही. काही मोजमापांत उलटा संबंध निघाला, काहींत रेषा मध्येच वाकली, आणि 'नॅचरल किलर' पेशींच्या बाबतीत मुलगे आणि मुली यांचे निकाल एका दिशेने गेलेच नाहीत. बातम्यांचे मथळे मात्र 'सुंदर माणसं जास्त निरोगी' असे सरळसोट झाले.

लॅटव्हियातल्या तरुण पुरुषांना हिपॅटायटिस बीची लस देऊन केलेल्या आधीच्या एका अभ्यासातही, ज्यांच्यात अँटिबॉडी जास्त तयार झाल्या, त्यांचे चेहरे मुलींना जास्त आवडले होते. त्याच गटाने पुढे मुलींवर असाच प्रयोग केला, तेव्हा चेहरा आणि अँटिबॉडी यांचा काही संबंध निघाला नाही. आणि 1998 चा एक अमेरिकी अभ्यास तर बघण्याच्या कार्यक्रमाला जाणाऱ्या प्रत्येक मामा-मावशीने वाचावा असा आहे. सतरा वर्षांच्या मुलामुलींचे जुने फोटो आणि पुढच्या आयुष्यातल्या त्यांच्या तब्येतीच्या नोंदी संशोधकांनी जुळवून पाहिल्या. चेहऱ्याच्या देखणेपणावरून पुढची तब्येत कळत नव्हती. उलट देखणा चेहरा बघणाऱ्याला फसवत होता. लोक त्याला आपोआप 'निरोगी' समजून चालत होते.

मग चेहरा काहीच सांगत नाही का? सांगतो, पण आजचं. स्वीडनमध्ये 2018 साली धडधाकट लोकांना जिवाणूंच्या कवचातला एक घटक टोचून त्यांची प्रतिकारशक्ती मुद्दाम खडबडवली आणि दोन तासांनी फोटो काढले. पाहणाऱ्यांना आजारी चेहरे बऱ्यापैकी ओळखता आले. ओठ फिके, पापण्या उतरलेल्या, डोळे लाल, तोंडाचे कोपरे खाली. आईला आपला ताप थर्मामीटरच्या आधी कळतो, तो असा.

झोपेचंही तसंच. 2010 मध्ये स्वीडनच्याच एका प्रयोगात 23 जणांना 31 तास जागं ठेवलं. 65 जणांनी त्यांचे फोटो पाहिले आणि त्यांना जास्त थकलेले, कमी निरोगी आणि कमी आकर्षक ठरवलं. यात इम्युनिटी कुठे आली? 2009 च्या एका अमेरिकी प्रयोगात 153 लोकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता आठ तास झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाली. सेमिस्टरच्या आदल्या रात्री सावेडीच्या रूमवर चहा पिऊन जागणाऱ्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते इथे खरंच आतल्या गोष्टीशी जुळतं.

पण 'आज आजारी दिसतोय' आणि 'याची प्रतिकारशक्तीच कमजोर आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी चेहऱ्यावरून ओळखता येत नाही, याचा पुरावा शोधायला टेक्सासला जायची गरज नाही. तो आपल्या नगरमध्येच आहे. (कागदावर अहिल्यानगर, तोंडात अजून नगर.)

इथे 1989 साली गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या तरुण सोबत्यांनी 'स्नेहालय' सुरू केलं. देहविक्रयात अडकलेल्या बायका, त्यांची मुलं आणि एचआयव्हीबाधित यांच्यासाठी ही संस्था काम करते. एचआयव्ही हा थेट प्रतिकारशक्तीवर घाव घालणारा विषाणू. शरीराच्या सैन्याला हुकूम देणाऱ्या सीडी-4 पेशी तो खातो. तरीही लागण झाल्यानंतर कित्येक वर्षं माणूस अगदी ठणठणीत दिसू शकतो. गाल भरलेले, डोळे चमकदार, आणि आत सीडी-4 चा आकडा घसरत असतो. 'दिसायला तर चांगला होता' हे वाक्य अनेक घरांत निदानानंतर ऐकू आलं आहे.

याच्या उलटही घडलं. भारतात 1 एप्रिल 2004 पासून सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीची औषधं मोफत मिळू लागली. त्या काळात बऱ्याच रुग्णांना 'स्टॅव्हुडीन' नावाची गोळी दिली जायची. गोळीने विषाणू दबायचा, सीडी-4 वाढायचे, माणूस जगायचा. पण तिच्या दुष्परिणामाने काहींच्या चेहऱ्यावरची चरबी झडायची. गाल खप्पड, कानशिलं आत. म्हणजे प्रतिकारशक्ती सुधारत असताना चेहरा उतरत होता, आणि गावातले लोक त्या खप्पड गालांवरूनच कुजबुजत होते. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही गोळी हळूहळू बंद करायला सांगितलं. आता वेगळी औषधं आहेत. नियमित उपचार घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा झाला, तर शरीरसंबंधातून तो पुढे जातही नाही. अशी व्यक्ती तुमच्या शेजारच्या बाकावर बसली असेल आणि तुम्हाला कळणारही नाही. कळायचं कारणही नाही. 2017 च्या कायद्याने ती माहिती तिची खासगी आहे. स्वतःचं जाणून घ्यायचं असेल, तर सरकारी तपासणी केंद्रात चाचणी मोफत आणि गोपनीय होते.

जुन्या पिढीत याहून सोपं उदाहरण घरोघर होतं. देवीचे व्रण. देवी येऊन वाचलेल्या माणसाला त्या रोगापासून सहसा जन्मभराचं संरक्षण मिळायचं. म्हणजे देवीपुरतं बोलायचं तर गावातला सगळ्यात 'इम्यून' चेहरा तोच, व्रणांचा. आणि लग्नाच्या बाजारात नाकारला जाणाराही तोच, विशेषतः मुलीचा असेल तर. लसीने ही कोंडी सोडवली: चेहऱ्याऐवजी दंडावर खूण. भारतात पहिली देवीची लस 14 जून 1802 रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला दिली गेली. देशात हा रोग शेवटचा आढळला 1975 च्या मे महिन्यात.

तारुण्यपीटिकांचंही सांगायला हवं. पिंपल आला की 'रक्त खराब आहे', 'इम्युनिटी लो आहे' असं सांगणारे खूप. त्यात संप्रेरकं असतात, तेलग्रंथी असतात, आणि जी लाली-सूज दिसते ती प्रतिकारशक्ती कामाला लागल्याची खूण असते. कोडाचं तर अजून वेगळं. तिथे प्रतिकारशक्ती कमी नसते, ती चुकून आपल्याच रंगपेशींवर तुटून पडते. ते संसर्गाने होत नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायचं, ते. चेहऱ्यावरून तब्येत ठरवली जाते म्हणून आपण चेहराच 'दुरुस्त' करायला जातो, आणि त्यात खऱ्या प्रतिकारशक्तीची वाट लागते. मेडिकलमधून 'गोरं करणारी' म्हणून आणलेल्या काही ट्यूबमध्ये बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी स्टेरॉइड्स असतात. ती त्वचेतली प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणून चार दिवसांत लाली गायब, रंग उजळ. पाचव्या दिवशी मैत्रीण विचारते, काय लावतेस गं? काही महिन्यांनी कातडी पातळ, लालसर शिरा दिसायला लागतात, केस उगवतात, आणि नायटा असेल तर तो बिनविरोध पसरतो. क्रीम बंद केली की सगळं उफाळतं, मग पुन्हा तीच ट्यूब. 2018 मध्ये सरकारने अशा अनेक क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. काउंटरवर किती पाळली जाते, ते तुम्हीच बघा.

पाऱ्याचं प्रकरण याहून वाईट. 2022 मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातल्या तीन बायकांना मूत्रपिंडाचा आजार झाला. तिघी एकच स्थानिक क्रीम वापरत होत्या आणि मुंबईच्या केईएममधल्या तपासणीत त्यात भरपूर पारा निघाला. केरळमधल्या डॉक्टरांनी जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळात एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराचे 22 रुग्ण तपासले. 15 जणांत 'नेल-1' नावाच्या प्रथिनाशी जोडलेला प्रकार सापडला आणि त्यातले 13 जण गोरेपणाच्या क्रीम वापरणारे निघाले. या विकारात प्रतिकारशक्तीच मूत्रपिंडाच्या गाळणीवर साचते, प्रथिनं लघवीतून वाहून जातात, लघवीला फेस येतो, पाय सुजतात. आणि डोळ्यांभोवती चेहराही सुजतो. बहुतेकांचा त्रास क्रीम थांबवल्यावर कमी झाला.

तुमच्या कपाटातल्या ट्यूबवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी आहे का, एवढं आज पाहा. पार्लरमध्ये बिनलेबलच्या डबीत भरून दिलेली असेल, तर उत्तर मिळालंच. विळद घाट आणि लोणी इथल्या मेडिकल कॉलेजांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. स्टेरॉइडची क्रीम महिनोन् महिने लावली असेल तर ती कशी सोडायची, ते तिथे विचारून ठरवा. जाताना ट्यूब सोबत न्या, रिकामी झाली असली तरी.