पोल्काचा कारभारी

दक्षिण पोलंडातील टाट्रा पर्वताच्या पायथ्याचा डोंगराळ मुलूख सोडून शिकागोत स्थायिक झालेल्या, आणि तेथे मद्यगृह व नाचघर चालवून चरितार्थ करणाऱ्या एका कुटुंबात २१ जुलै १९४१ रोजी एडी ब्लाझोन्चिक यांचा जन्म झाला. घरात पहाडी पोलिश संगीताची परंपरा होती. आणि आईवडिलांच्या ‘पुलास्की व्हिलेज’ या नाचघरात त्या काळचे नामांकित पोल्का-वादक हजेरी लावीत असल्यामुळे, आपल्याकडची मुले परवचा घोकतात त्या वयात या मुलाला, कोणते गाणे सुरू होताच लोक खुर्च्या मागे सारून उठतात आणि कोणते सुरू होताच ते निमूटपणे गल्ल्याकडे सरकतात, याचे ज्ञान आपसूकच होत गेले असले पाहिजे. पुढे ते स्वतः नावाजलेले गायक-वादक झाले, ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीचे मालक झाले, इतरांच्या तबकड्यांचे निर्माते झाले. परंतु या सर्व उद्योगांचे मूळ भांडवल त्या नाचघराच्या लाकडी जमिनीवरच गोळा झालेले होते, असे मला वाटते, आणि या लेखात मुख्यतः तेच सांगायचे आहे.

पोल्का हे पोलंडचे नृत्य, असा समज नावावरून सहजच होतो. तो बरोबर नाही. हे नृत्य बोहेमियातले, म्हणजे आजच्या चेक प्रदेशातले. १८३० नंतरच्या दशकात ते प्रागमध्ये लोकप्रिय झाले, आणि पुढच्या दशकात पॅरिसच्या दिवाणखान्यांना त्याचे अक्षरशः वेड लागले. दोन मात्रांचा उडता ठेका हा त्याचा प्राण. युरोपातून अमेरिकेत गेलेल्या मजुरांनी हा ठेका आपापल्या बोलीत आणि आपापल्या वाद्यांवर बसवला, त्यामुळे क्लीव्हलंडच्या स्लोव्हेनियन लोकांचा पोल्का निराळा, पूर्व किनाऱ्यावरील पोलिश वाद्यवृंदांचा द्रुत व लेखी स्वररचनेवर चालणारा पोल्का निराळा, आणि शिकागोचा त्याहून निराळा, असे घराण्यांसारखे भेद पडले. शिकागोकरांच्या आवडीचे वाद्य कॉन्सर्टिना. ते आपल्या पेटीच्याच कुळातले, भात्याच्या वाऱ्याने धातूच्या पट्ट्या कंपित करून नाद काढणारे. परंतु तेथे रूढ असलेल्या ‘केम्निट्झर’ जातीच्या कॉन्सर्टिनाची खोड अशी की, एकच गुंडी भाता दाबताना एक सूर देते आणि ओढताना दुसराच. ५२ गुंड्यांतून अशा रीतीने १०४ नाद निघतात, आणि भाता या क्षणी कोणत्या दिशेने चालला आहे याचे विस्मरण वादकाला एका मात्रेपुरतेही परवडत नाही.

अशा संगीताकडे मोठ्या कंपन्यांनी कधी पाहिलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. विसाव्या शतकाच्या आरंभी कोलंबिया आणि व्हिक्टर या कंपन्यांनी, परभाषिक वस्त्यांत ग्रामोफोन खपावेत या सरळ व्यापारी हेतूने, पोलिश, इटालियन, यिद्दिश अशा नाना भाषांतल्या तबकड्या काढल्या होत्या. पण ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. तिचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो हेही मूळचे शिकागोचे ट्रंपेटवादक. कोलंबिया आणि व्हिक्टर यांच्याशी समेट व्हायला नोव्हेंबर १९४४ उजाडावा लागला, आणि या मोकळ्या झालेल्या बाजारात लहान लहान कंपन्यांची एकच गर्दी उसळली. त्याच सुमारास चुंबकीय फितीवर मुद्रण करणारी यंत्रे अमेरिकेत आली. मेणाच्या चकतीवर एकदा चूक झाली की ती चकती बाद करणे हाच उपाय. फीत मात्र पुसता येते, कापता येते, जोडता येते. त्यामुळे फारसे भांडवल नसलेल्या माणसालाही एखाद्या खोलीत ध्वनिमुद्रण करून, त्याच्या काही शे तबकड्या दुसऱ्याच्या कारखान्यातून मोबदला देऊन छापून घेणे शक्य झाले.

मोठ्या कंपनीच्या दरबारात पोल्कावाल्याची पत काय होती, याचा एक किस्सा नेहमी सांगितला जातो. क्लीव्हलंडच्या फ्रँकी यांकोविक यांनी ‘जस्ट बिकॉज’ हे गाणे मुद्रित करण्याचा हट्ट धरला तेव्हा कोलंबियाचे अधिकारी ते नामंजूर करू लागले, आणि शेवटी यांकोविक यांनी पहिल्या दहा हजार प्रती आपणच विकत घेऊ असे सांगून त्यांना वळवले, असे म्हणतात. १९४८ मध्ये बाहेर आलेल्या त्या तबकडीच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. किस्सा तंतोतंत खरा असो वा त्यात थोडे मीठमसाले पडलेले असो, प्रत्येकाला असा जुगार खेळता येत नाही. आणि तो टाळण्याचा सरळ मार्ग म्हणजे कंपनीच आपली असणे.

हा मार्ग शिकागोत प्रथम ठळकपणे चोखाळला तो ‘लिल वॉली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वॉल्टर यागेलो यांनी. १९३० मध्ये पोलिश आईबापांच्या पोटी जन्मलेला हा मुलगा लहानपणापासूनच पोलिश लोकांच्या वनभोजनांत गात असे. थोडा मोठा झाल्यावर तो डिव्हिजन स्ट्रीटवरील मद्यगृहांत ढोल आणि कॉन्सर्टिना वाजवू लागला. पोलिश मद्यगृहांच्या दाटीमुळे या रस्त्याला लोक कौतुकाने ‘पोलिश ब्रॉडवे’ म्हणत. पूर्वेकडच्या वाद्यवृंदांची धावती लय त्याने उतरवली, कागदावरच्या सुबक स्वररचनेला रजा दिली, आणि खेड्यातून आलेल्या वडीलधाऱ्यांना कळेल अशा पोलिशमध्ये, काहीशा रांगड्या, भावनेने ओथंबलेल्या आवाजात तो गाऊ लागला. लय उतरल्याने मध्यमवयीन जोडप्यांनाही दमछाक न होता रात्रभर नाचता येऊ लागले. ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते, पण शिकागोच्या शैलीचे अर्धे रहस्य तिच्यात आहे. १९५१ मध्ये, जेमतेम एकविसाव्या वर्षी, यागेलो यांनी ‘जे जे’ ही स्वतःची कंपनी काढली. १९५४ च्या त्यांच्या ‘विश आय वॉज सिंगल अगेन’ या गाण्याने पोलिश वस्तीची वेस ओलांडली. गाणारा, वाजवणारा, मुद्रण ठरवणारा आणि हिशेब पाहणारा एकच माणूस असला तरी कारभार चालतो, हे त्यांनी सिद्ध करून दाखवले.

ब्लाझोन्चिक मात्र थेट या वाटेने आले नाहीत. तरुणपणी त्यांनी रॉक अँड रोलची कास धरली. ‘एडी बेल’ असे सुटसुटीत नाव घेऊन आणि आपल्या मंडळीला ‘बेल-एअर्स’ म्हणवून १९६० च्या सुमारास त्यांनी मर्क्युरी या मोठ्या कंपनीसाठी गाणी मुद्रित केली. आडनाव बदलल्यावाचून मोठ्या दारातून आत जाता येत नाही, हा अनुभव त्या काळच्या किती परदेशी कुटुंबांतील मुलांनी घेतला असेल! थोड्याच वर्षांत ते पोल्काकडे परतले. १९६३ मध्ये ‘व्हर्साटोन्स’ हा त्यांचा वाद्यवृंद उभा राहिला, आणि त्याच साली ‘बेल-एअर’ ही ध्वनिमुद्रिका कंपनीही. सोडून दिलेल्या नावाचा अर्धा भाग त्यांनी अशा रीतीने दुकानाच्या पाटीवर उपयोगात आणला.

रॉकच्या मुलखातून परतताना ते रिकाम्या हातांनी आले नव्हते. इलेक्ट्रिक बास गिटार गळ्यात अडकवून ते स्वतः गात. यागेलोंच्या संथ, घरगुती लयीच्या तळाशी त्यांनी हा भरीव, ढकलता खर्ज ठेवला, वर दोन ट्रंपेट जोडले, आणि अकॉर्डियनचा भाता जलद थरथरवून निघणारा दाणेदार आवाज मध्ये पेरला. या थरथरीने ठेका पुढे लोटल्यासारखा वाटतो, म्हणून या धाटणीला ‘पुश’ असे नाव पडले. कंट्री आणि केजन संगीतातली सामग्रीही त्यांनी निःसंकोच उचलली. जुन्या मंडळींनी नाके मुरडली असतील. परंतु पोलिश भाषा अर्धवटच समजणाऱ्या तिसऱ्या पिढीला नाचघरात टिकवून धरायचे तर तिच्या कानाला ओळखीचा असा काही आवाज हवाच होता.

अशा वाद्यवृंदाची तबकडी करताना निर्मात्यापुढे कोणते प्रश्न येतात, ते थोडे जवळून पाहण्याजोगे आहे. दोन ट्रंपेट एकदम वाजले की कॉन्सर्टिना बुडते. म्हणून ट्रंपेटवाल्यांना दूर उभे करायचे आणि कॉन्सर्टिनाच्या भात्याजवळ माइक आणायचा, तर भात्याची फुसफूस व गुंड्यांची टकटक फितीवर उतरते. बासचा खर्ज तर तबकडीचा जन्मजात वैरी: नाद जितका खालचा आणि जोराचा, तितकी सुई कोरताना आडवी हेलकावते, चरे रुंद होतात, आणि एका बाजूवर मावणारी वीसेक मिनिटे आक्रसतात. तबकडीच्या मध्याकडे चरे लहान वर्तुळांचे होत जात असल्यामुळे तेथे उंच स्वरांची धार बोथट होते. सबब ट्रंपेटची झळाळती गाणी बाजूच्या आरंभी आणि संथ वॉल्ट्झ शेवटाकडे, अशी मांडणी सोयीची ठरते. तंत्रज्ञाला हे सारे ठाऊक असते. परंतु खर्ज किती कापला तरी गाणे नाचण्याजोगे राहते आणि कोठे त्याचा कणाच मोडतो, हे सांगायला रात्रीमागून रात्री वाजवताना नाचणाऱ्यांच्या पायांकडे पाहिलेला माणूस लागतो. मालक आणि वादक एकच असण्याचा खरा लाभ मला येथे दिसतो.

व्यवहाराची बाजूही याच घाटाची होती. पोल्काच्या तबकड्या मोठ्या पेढ्यांच्या भरवशावर खपत नसत. नाचाच्या कार्यक्रमात मंचाशेजारी मांडलेल्या टेबलावर, मध्यंतरात, घामेजल्या हातांनी त्या विकत घेतल्या जात. रेडिओवरचे पोल्काचे कार्यक्रमही पुष्कळदा सूत्रधारानेच केंद्राकडून तास विकत घेऊन, वस्तीतल्या खाटीक, बेकरीवाले, अंत्यविधीचे व्यवस्थापक यांच्या जाहिरातींवर चालवलेले असत. अशा चिमुकल्या बाजारात ब्लाझोन्चिक यांनी पन्नासाहून अधिक अल्बम काढले, बेल-एअरच्या छापाखाली इतर वाद्यवृंदांनाही जागा दिली, आणि पेनसिल्व्हानियातील सेव्हन स्प्रिंग्ज येथे चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ‘पोल्का फायरवर्क्स’ हा उत्सव भरवला. एकाच्याच खिशातून वादन, मुद्रण, विक्री आणि जत्रा चालणे हे धोक्याचे खरे. एक मोसम फसला की चारही खाती एकदम बुडायची. तरी व्हर्साटोन्सचा गाडा पिढी ओलांडून चालला, यावरून जमाखर्चाकडे त्यांची नजर कशी होती याची कल्पना येते.

सरकारदरबारी आणि व्यवसायात मान्यता मिळायला बराच अवधी लागला. ग्रॅमी पारितोषिकांत पोल्काचा स्वतंत्र विभाग १९८६ मध्ये प्रथम आला आणि पहिला मान यांकोविक यांना मिळाला. दुसऱ्याच वर्षी ‘अनदर पोल्का सेलिब्रेशन’ या अल्बमसाठी ब्लाझोन्चिक आणि त्यांचे व्हर्साटोन्स हे न्यूयॉर्ककडील जिमी स्टर यांच्याबरोबर विभागून मानकरी ठरले. १९९८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कला-निधीने लोककलावंतांसाठीची आपली सर्वोच्च वारसा-वृत्ती त्यांना दिली. ग्रॅमीचा तो विभाग मात्र २००९ मध्ये बंद झाला. तोवरच्या चोवीसपैकी अठरा पारितोषिके एकट्या स्टर यांच्याकडे गेली होती, आणि एवढे एकतर्फी झालेले पारितोषिक फार दिवस टिकेल अशी अपेक्षा करण्यातही अर्थ नव्हता.

प्रकृती साथ देईना तेव्हा ब्लाझोन्चिक यांनी वाद्यवृंद मुलाच्या हाती सोपवला. मुलगा कॉन्सर्टिना वाजवणारा. त्याने २०११ मध्ये व्हर्साटोन्सचा कारभार आटोपता घेतला आणि पुढच्या वर्षी २१ मे रोजी वडील निवर्तले. यागेलो त्यांच्याआधीच, ऑगस्ट २००६ मध्ये, मायामीकडे वारले होते. पण तत्पूर्वी एक गंमत घडली. १९५९ मध्ये शिकागोच्या ‘व्हाइट सॉक्स’ या बेसबॉल संघासाठी अल ट्रेस यांच्यासह त्यांनी एक गाणे रचले होते. २००५ मध्ये तो संघ जगज्जेतेपदाकडे निघाला तेव्हा शेहेचाळीस वर्षांपूर्वीची ती चाल कोणीतरी शोधून काढली, आणि मैदानावर हजारो माणसे, ज्यांतल्या बहुतेकांनी पोल्काच्या नाचघराचा उंबरठा कधी ओलांडलेला नसेल, तिच्या ठेक्यावर टाळ्या देऊ लागली.